इस्लामची वकिली

मागच्या रमजानमध्ये, इफ्तारीला दहाएक मिनिटं उरली असताना, शाळेपासूनच्या मित्राचा व्हॉट्सॲपवर मेसेज आला. ‘भाई, इस्लाम नीट समजून घ्यायचाय. एक पुस्तक सांग. लई जाड नको.’

मी ‘सांगतो’ एवढं लिहिलं आणि दस्तरखानावर जाऊन बसलो. त्याला उत्तर द्यायला मला तीन आठवडे लागले.

मित्र परभणीचाच. हजरत तुराबुल हक यांच्या दर्ग्याचा उरूस फेब्रुवारीच्या सुरुवातीला भरतो, तिथे आम्ही चौथीत असल्यापासून सोबत फिरलोय. आकाशपाळण्यात बसून त्याला उलटी झालेली मी पाहिली आहे. त्याची आजी दर्ग्यावर नवस बोलायची आणि न चुकता फेडायची. त्यामुळे इस्लाम त्याला अगदीच परका नव्हता. पण आता तो तिशीत आलाय, फोनवर रोज काहीतरी येऊन पडतं आणि त्यातलं खरं किती, हे त्याला कळेनासं झालंय. तेव्हा त्याने मला विचारलं. दुसऱ्या कुणाला विचारलं नाही, याचं मला बरं वाटलं होतं.

पुस्तकांची कमी नव्हती. रोज रात्री तरावीहची नमाज आटोपून आलो की मी कपाटातून एकेक पुस्तक काढायचो आणि परत ठेवायचो. साने गुरुजींचं ‘इस्लामी संस्कृती’ हातात आलं, हे चालेल. हमीद दलवाई आले, हे नको, त्याला वाटेल सगळे असेच. शेषराव मोरे यांचं ‘मुस्लिम मनाचा शोध’ तर चांगलंच जाड, सुटलो. नरहर कुरुंदकर? आधी दुसरं काही वाचू दे, मग बघू.

चौथ्या-पाचव्या रात्री लक्षात आलं की हे पुस्तक निवडणं नाही, हे साक्षीदार निवडणं चाललंय. कोण आपल्या बाजूने बोलेल, कोण उलटतपासणीत फुटेल, असा सगळा हिशेब होता. मी क्लासमध्ये गणित शिकवतो, त्यावर पोट भरतो. पण गेली पंधरा वर्षं मी इस्लामचा वकीलही आहे. फी मिळत नाही आणि वकीलपत्र कुणी दिलेलं नाही.

०

वकील एका दिवसात झालो नाही.

माझी शाळा मराठी माध्यमाची, कारण ती घराजवळ होती. संध्याकाळी मशिदीतल्या मक्तबात जाऊन अरबीत कुरआन वाचायला शिकलो. उच्चार चोख, अर्थ शून्य. नवव्या वर्षी कुरआन पूर्ण झाला म्हणून घरात मिठाई वाटली, आणि आपण नक्की काय वाचलं हे मला ठाऊक नव्हतं. उर्दू जेमतेम. त्यामुळे माझ्या धर्माचा अर्थ मला पहिल्यांदा मराठीत भेटला, अकरावीत असताना, वाचनालयातल्या एका फाटक्या भाषांतरात.

यात परभणीची एक गंमत आहे. १९४८ पर्यंत हा भाग निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. कारभार उर्दूत चालायचा, उस्मानिया विद्यापीठात शिक्षणही उर्दूतून मिळायचं. त्या पिढीतले इथले कितीतरी हिंदू म्हातारे सफाईने उर्दू वाचायचे. २०२३ मध्ये कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हा निजामकाळातली उर्दू आणि मोडी कागदपत्रं वाचू शकणारी माणसं हवी होती. माझ्या मित्राचे पणजोबा उर्दूत शिकलेले. मी मुसलमान, आणि मला ती वाचताना अडखळायला होतं. मला येते ती मराठी.

आणि मराठीत इस्लामवरचं जे काही माझ्या हाती आलं, त्यातलं बहुतेक मुसलमानांबद्दल ‘ते’ म्हणून बोलणारं होतं. प्रेमाने बोलणारंसुद्धा. ‘ते लोक असे नाहीत हो’ असं कुणी तुमच्या बाजूने बोलत असलं, तरी तुम्ही खोलीच्या बाहेरच उभे असता. धर्मप्रचाराच्या पुस्तिका माझ्याशी थेट बोलायच्या, पण त्यांच्यात प्रश्न विचारायला जागा नव्हती. नमाज पढणारा आणि तरीही शंका येणारा एक मुलगा मराठी वाचतोय, हे या पुस्तकांपैकी कुणी गृहीत धरलं होतं असं मला वाटत नाही.

शाळेत दर १७ सप्टेंबरला, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाला, मी भाषण करायचो. रझाकारांचे अत्याचार मला पाठ होते आणि ते घडले होते. पण भाषण संपलं की मागच्या बाकावरची दोन-चार पोरं माझ्याकडे वळून बघायची. पुढे कॉलेजात ‘तुमच्यात असं का असतं?’ हा प्रश्न सुरू झाला. विचारणारे सगळे वाईट नव्हते, काहींना खरंच उत्सुकता होती. पण आरोपीच्या पिंजऱ्यात उभं राहायची सवय झाली की साधा प्रश्नही आरोपासारखा ऐकू येतो. मग मी तयारी करायला लागलो. वाचन वाढलं ते तिथून. प्रत्येक पुस्तकात मी एकच गोष्ट शोधायचो, उद्या उपयोगी पडेल असं उत्तर.

०

२२ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पाचपैकी तीन न्यायमूर्तींच्या बहुमताने एका दमात दिलेला तीन तलाक रद्द ठरवला. त्या दुपारी कॉलेजच्या कॅन्टीनमध्ये माझी जंगी वकिली झाली. मी सांगितलं की कुरआनात असा तलाक नाहीच. तिथे इद्दतीचा काळ सांगितलाय, दोन्हीकडच्या माणसांनी बसून समेट करायला सांगितलंय. इजिप्तने १९२९ मध्येच कायदा करून एका वेळी उच्चारलेले तीन तलाक एकच धरायला सुरुवात केली. समोरचे गप्प झाले. एकाने चहाचे पैसे दिले.

मी बोललो त्यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं. पण एक वाक्य मी गाळलं होतं. हनफी कायदेपंडितांनी शतकानुशतकं असं मानलं की एका दमात तीन तलाक देणं पाप आहे, पण दिला तर तो लागू होतो. आपल्याकडचे बहुतेक मुसलमान हनफीच. म्हणजे ज्या बाईवर तो शब्द पडला, तिच्यासाठी कुरआनात काय आहे यापेक्षा मोहल्ल्यातले मौलवी काय सांगतात हेच महत्त्वाचं होतं. हे मला माहीत होतं. वकील आपल्या अशिलाच्या विरोधातला कागद स्वतःहून पुढे करत नाही, तसं मीही केलं नाही.

संध्याकाळी घरी आलो. अब्बांच्या शिलाईच्या दुकानातली साड्यांच्या फॉल-पिकोची कामं फुफी घरी करते. ती मशीनवर बसली होती. १९९८ मध्ये फुफांनी तिला तीनदा तो शब्द ऐकवला आणि ती एक पेटी घेऊन आमच्याकडे आली. मी तेव्हा तीन वर्षांचा होतो, त्यामुळे माझ्या आठवणीत फुफी कायम आमच्याच घरी आहे. मशीन न थांबवता तिने विचारलं, ‘टीव्ही पे तलाक का क्या चल रा रे आज?’

मी म्हटलं, ‘कुछ नहीं फुफी, राजकारण.’

या प्रसंगाची लाज मला त्या दिवशी वाटली नाही. ती वाटायला काही वर्षं गेली. दुपारी मी ज्या विषयावर पाऊण तास बोललो, तो विषय आमच्या घरात बसून साडीला फॉल लावत होता. तिच्याशी मी पाऊण मिनिटही बोललो नाही, कारण तिच्यासमोर इस्लामचा बचाव करायची गरज नव्हती. माझं ज्ञान बाहेरच्यांसाठी होतं. खरं बोलूनही माणूस अप्रामाणिक असू शकतो, हे मला असं कळलं. वाक्य खरं होतं, पण मी ते धर्माची अब्रू वाचवायला वापरलं आणि जिचं आयुष्य त्यात गेलं तिला वगळलं.

०

हमीद दलवाई मी त्यानंतर पुन्हा वाचले. आधी वाचले होते ते दात-ओठ खात, पानोपानी समासात ‘चूक’ असं लिहीत. ते नास्तिक होते. मरणानंतर कोणतेही धार्मिक विधी नकोत म्हणून सांगून गेले आणि १९७७ मध्ये, वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी गेल्यावर मुंबईत त्यांचं दहन झालं. माझ्यासारख्याला दूर ढकलायला एवढं पुरेसं होतं. आजही त्यांच्या सगळ्या म्हणण्याशी मी सहमत नाही. पण १८ एप्रिल १९६६ रोजी मुंबईत सात मुस्लिम बायकांना घेऊन त्यांनी विधिमंडळावर मोर्चा काढला. तोंडी तलाकाविरुद्ध. सात बायका. माझ्या फुफीच्या बाजूने, ती या जगात यायच्या आधी, तो माणूस रस्त्यावर उभा होता. श्रद्धावान मी कॅन्टीनमध्ये उभा होतो. समासातले ‘चूक’ मी खोडले नाहीत, पण मोर्चाच्या पानावर पेन उचललं गेलं नाही.

कुरुंदकर तर आमच्याच मातीतले. १९३२ साली तेव्हाच्या परभणी जिल्ह्यातल्या नांदापूरला जन्मले, आता तो भाग हिंगोलीत गेला. त्यांनी मुस्लिम राजकारणावर कडक लिहिलंय आणि मला ते बोचायचं. पण हाच माणूस मनुस्मृतीही तेवढ्याच कडकपणे तपासतो. टीकाकार दुसऱ्याच्या घरावर जो दिवा धरतो, तोच आपल्या घरात लावतो का, एवढं मी आता बघतो. लावत असेल तर त्याचं बोचणारं वाक्यही मी दोनदा वाचतो.

मोरे यांच्या पुस्तकाबद्दल माझी तक्रार शीर्षकापासून सुरू होते. त्यांनी इस्लामचे मूळ ग्रंथ आणि मुस्लिम पंडितांचंच लेखन समोर ठेवून मांडणी केली आहे, मेहनत थोडीथोडकी नाही. पण ‘मुस्लिम मन’ म्हणजे कुणाचं? फुफी जुमेरातीला दर्ग्यावर जाते. आमच्याच गल्लीतला एक चुलतभाऊ तिला सांगतो की हे बिदअत आहे, इस्लामात बसत नाही. दोघंही पाच वेळा नमाज पढतात. त्यांची दोन मनं एका पुस्तकात बसवायची तर त्यातलं एक आधी बाहेर काढावं लागेल.

विनोबांचं ‘कुराण-सार’ वाचताना मात्र मला वेगळ्याच कारणाने ओशाळल्यासारखं झालं. कुरआन समजावा म्हणून हा माणूस अरबी शिकला, आणि १९६२ च्या सुमाराला त्याने त्यातल्या आयतींची विषयवार निवड छापली. त्याला कुणापुढे काही सिद्ध करायचं नव्हतं. मी नऊ वर्षांचा असताना जे पूर्ण करून मिठाई खाल्ली होती, ते त्याने समजून वाचलं होतं.

०

याच सुमाराला मोबाइलवर इमाम गज्जालींचं आत्मकथन वाचलं. इराणातल्या तूस गावचा हा माणूस १०९१ मध्ये बगदादच्या निजामिया मदरशात मुख्य अध्यापक झाला. त्या काळात याहून मोठी जागा शोधून सापडली नसती. तत्त्वज्ञांचे मुद्दे खोडून काढणारं त्याचं पुस्तक आजही वाचलं जातं. लोकांनी त्याला पदवी दिली, हुज्जतुल इस्लाम. अरबीत हुज्जत म्हणजे पुरावा, निर्णायक युक्तिवाद. मराठीत आपण हुज्जत घालतो. शब्द तोच आला, पण वाटेत त्याचं भांडण झालं. मला दोन्ही अर्थ ओळखीचे वाटले.

१०९५ मध्ये या हुज्जतुल इस्लामची वाचा बसली. शिकवायला उभा राहायचा आणि तोंडातून शब्द फुटायचा नाही. अन्न पचेना, हकीमांनी हात टेकले. तो स्वतःच लिहितो की आपण शिकवतो ते अल्लाहसाठी नाही, नाव आणि मान मिळावा म्हणून, हे त्याला कळून चुकलं होतं. त्याने घरच्यांची सोय लावली, बगदाद सोडलं आणि अनेक वर्षं साधा माणूस म्हणून फिरला. पुढे तो श्रद्धेकडे परतला, पुन्हा शिकवूही लागला. पण मला थांबवलं ते मधल्या गप्प राहण्याने. इस्लामचा एवढा मोठा बचाव करणाऱ्याला एक दिवस प्रश्न पडला की हा बचाव मी कुणासाठी करतोय, आणि उत्तर सापडेपर्यंत त्याने बोलणं सोडलं.

आपली त्याच्याशी बरोबरी नाही. पण मीही एक रमजान असं ठरवलं की कुणालाही उत्तर द्यायचं नाही. फेसबुकवर नाही, ग्रुपवर नाही, कॅन्टीनच्या जागी आलेल्या क्लासच्या स्टाफरूममध्येही नाही. पहिले आठ दिवस जीव कासावीस झाला. नंतर नमाजेत एक गोष्ट लक्षात आली. इतकी वर्षं सजद्यात असतानाही माझ्या डोक्यात कुणाशी तरी वाद चालू असायचा. इस्लाम कसा बरोबर आहे हे मी नमाजेतसुद्धा कुणाला तरी पटवत होतो. ज्याच्यापुढे डोकं टेकवलं होतं, त्याच्याशी बोलणं राहूनच गेलं होतं.

०

मग मी फुफीशी बोललो. दलवाईंच्या मोर्चाबद्दल वाचून दाखवलं. तिने मशीन थांबवलं. ‘सात औरतां? बस सात?’ असं विचारलं आणि थोडा वेळ गप्प बसली. मी विचारलं, ‘फुफी, तुमकू गुस्सा नै आता? मजहब पे?’

ती म्हणाली, ‘अल्ला बोले थे क्या? तेरे फुफा बोले थे.’

कॅन्टीनमध्ये मी पाऊण तास जे सांगत होतो, ते हेच. पण हे वाक्य तिने सत्तावीस वर्षं सोसून कमावलं होतं. मी ते पुस्तकातून उचलून एका दुपारच्या चहावर खर्च केलं होतं. तेच वाक्य तिच्या तोंडी श्रद्धा असतं आणि माझ्या तोंडी वकिली होते.

तिथेच थांबलो असतो तर बरं झालं असतं. पण मी गणिताचा मास्तर. कुरआनात वारसाहक्काचे हिस्से आकड्यांत सांगितले आहेत. मुलाला मुलीच्या दुप्पट. यावर ‘हे कुरआनात नाहीच’ असं म्हणायची सोय नाही. वकील म्हणून माझं ठरलेलं उत्तर होतं, बाईवर घरखर्चाची जबाबदारी नसते, म्हणून हिस्सा निम्मा. फुफी समोर बसून स्वतःच्या खर्चासाठी साड्यांना फॉल लावत असताना हे उत्तर घशातून बाहेर येईना. या प्रश्नाचं समाधान होईल असं उत्तर माझ्याकडे आजही नाही, आणि तसं कबूल केल्याने माझी नमाज सुटलेली नाही.

पण त्याहून जड दुसरंच निघालं. दादांचा प्लॉट एक हजार चौरस फुटांचा. दादा गेले, मग दादी गेली. वारस दोन भाऊ आणि एक बहीण. पाच हिस्से करा, भावांना दोन-दोन, बहिणीला एक. दोनशे चौरस फूट. फुफीला किती मिळाले? शून्य. तिच्याकडून हक्कसोडपत्रावर सही घेतली होती. आपल्याकडे बहिणी सही करतात, शेजारच्या हिंदू घरांतही करतात. ‘भाऊ सांभाळतोय की’ असं सगळे म्हणतात, आणि अब्बांनी तिला सांभाळलं हेही खरं. पण ज्या ग्रंथाचा मी पंधरा वर्षं बचाव केला, त्याने दिलेला कमीतकमी हिस्साही आम्ही तिला दिला नव्हता. आणि मी ज्या खोलीत बसून हे लिहितोय, ती त्याच प्लॉटवर आहे.

वकिलाचं एक बरं असतं. खटल्यात सगळे प्रश्न अशिलाला विचारले जातात, वकिलाला कुणी काही विचारत नाही. धर्माची वकिली करण्यात मला हीच सोय होती. इस्लाम स्त्रियांना न्याय देतो का, यावर मी तासभर बोलू शकत होतो, आणि त्या तासाभरात मी न्याय देतो का, हा प्रश्न येतच नव्हता.

अल्लाहच्या नव्व्याण्णव नावांपैकी एक आहे अल-वकील. ज्याच्यावर आपलं काम सोपवून निश्चिंत व्हावं, तो. आणि कुरआनात पैगंबरांनाही एकाहून जास्त वेळा सांगितलंय की तुम्ही या लोकांचे वकील नाही. लहानपणापासून हे मी शेकडो वेळा अरबीत म्हटलं असेल. अर्थ मराठीत वाचला तेव्हा आधी हसू आलं.

अब्बांशी मी ईदनंतर बोललो. वही काढून हिस्से मांडून दाखवले. ते कात्री खाली ठेवून बराच वेळ वहीकडे बघत राहिले, मग म्हणाले, ‘चाचा से बात करनी पडेगी.’ चाचांशी बोलणं अजून चालू आहे. कसं संपेल सांगता येत नाही.

मित्राला मात्र उत्तर दिलं. लिहिलं की एक पुस्तक नाही सांगता येत, चार सांगतो. साने गुरुजींपासून सुरुवात कर, सोपं आहे, इंटरनेटवर मोफत सापडेल. मग ‘कुराण-सार’ वाच. मग दलवाई वाच, मला ते पूर्ण पटत नाहीत, तरी वाच. आणि श्रीगोंद्याच्या शेख महंमदांचा ‘योगसंग्राम’ जमेल तेव्हा उघड. एका मुसलमानाने १६४५ मध्ये मराठी ओवीत लिहिलाय. अवघड आहे, मलाही अर्धाच कळलाय, सोबत वाचू. प्रश्न पडले की विचार. कुठे मला उत्तर येत नसेल तर येत नाही असं सांगेन.

त्याचा रिप्लाय आला, ‘चार? मी एकच म्हणलो होतो ना बे.’ आणि खाली, ‘रविवारी येतो. फुफीला शीरखुर्मा ठेवायला सांग.’